चौबळ सरांचा उलटा दिवा

भिवंडीत लाइट गेली की कुणी बटणं बंद करत नाही. पाहुणे करतात. मुंबईची माझी मावसबहीण आली की लाइट गेल्याबरोबर उठते, पंख्याचं बटण बंद, दिव्याचं बंद, फ्रिजचं बंद, असं करत घरभर फिरते आणि आम्ही तिला हसतो. अगं बाई, सगळं बंद करून ठेवलंस तर लाइट आलेली कळणार कशी? यंत्रमागावरचा कामगार तर शिफ्टमध्ये लाइट गेली की आहे तिथेच दोन मागांच्या मधे आडवा होतो. डोक्यावरचा बल्ब पेटला की उठतो आणि कामाला लागतो. गावाला ही सवय इतकी मुरलेली आहे की तिला सवय म्हणतात हेही कुणाच्या ध्यानात नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याला लोक चौबळ सरांचा वेंधळेपणा म्हणतील. वेंधळे ते होतेच. पण ते वेगळं.

माधव चौबळ आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, त्यामुळे वीस वर्षं त्यांचं बोलणं माझ्याच कानावर आदळलं. उंच, किरकोळ माणूस. शर्टाच्या खिशात खडू ठेवायचे आणि तो तसाच धुवायला टाकायचे. दर वर्षी नववीच्या वर्गात त्यांचं एक ठरलेलं व्याख्यान असे : लाइट गेली की बटणं बंद करावीत, नाहीतर लाइट परत येताना झटका बसतो आणि यंत्रं जळतात. मुलं माना डोलवत. खुद्द सरांच्या घरी मात्र पंख्याचं बटण बारा महिने चालूच. त्यांच्या पत्नीचं नाव विद्युल्लता. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, भिवंडीत न जाणारी एवढी एकच. सर हसायचे, पण उशिरा. त्यांना विनोद पोचायला वेळ लागे.

एम.एस्सी. झाल्यावर त्यांची निवड कोलारला झाली होती. तिथे सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, न्यूट्रिनो नावाचा कण पकडण्याची यंत्रं बसवलेली होती. सरांनी बॅग भरली, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं. "दोन वर्षं इथे शाळेत काढतो, मग जातो," असं म्हणून ते राहिले. वडील पुढे बरीच वर्षं अंथरुणावर होते. नंतर खाण बंद झाली आणि खाली बसवलेली यंत्रंही बंद झाली. सर ही हकिगत सांगताना कुणाला दोष देत नसत. त्याचाच मला राग यायचा. माणसानं निदान कुठेतरी बोट दाखवावं.

न्यूट्रिनो म्हणजे काय, हे मला त्यांनी किती वेळा सांगितलं असेल! हा कण कशालाच अडत नाही. डोंगरातून जातो, अख्ख्या पृथ्वीतून पलीकडे निघून जातो. मी म्हटलं, "सर, मी शिकवलेलं व्याकरण सातवी ब मधून जातं, तसंच म्हणायचं." तेव्हाही ते उशिराच हसले. पण कोट्यवधी कणांतला एखादा कशावर तरी आपटतो, आणि पाणी किंवा बर्फ असेल तर तिथे क्षणभर निळसर उजेड पडतो. तो पकडायला अंधार हवा, पुष्कळ स्वच्छ पाणी किंवा बर्फ हवा, आणि एक उलटा दिवा हवा. उलटा दिवा हा त्यांचाच शब्द. आपला दिवा वीज घेतो आणि उजेड देतो. हा उजेड घेतो आणि वीज देतो. उजेडाचा एक कणभर थेंब पुरतो त्याला.

सत्त्याऐंशी साली एक तारा फुटला आणि त्यातले न्यूट्रिनो जपानमधल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत सापडले. ही बातमी घेऊन सर धावतच स्टाफरूममध्ये आले. "बाई, फेब्रुवारीत ते तुमच्याआमच्या सगळ्यांच्या अंगातून गेले!"

"तेव्हा मला सर्दी झाली होती," मी म्हटलं. "त्यानेच का हो?"

त्या दिवशी ते हसले नाहीत. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण बोलण्यात काय जातं म्हणून मी बोलून गेले होते.

गुलाम हुसेनचाचांचा बर्फाचा कारखाना खाडीकडच्या रस्त्याला होता. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर आमच्या आळीतले लोक तिकडे फारसे जात नसत. चौबळ सर गेले, कारण त्यांना वर्गात एक प्रयोग दाखवायचा होता. बर्फाच्या लादीवर तार टाकायची, तारेच्या दोन्ही टोकांना वजनं बांधायची. तार हळूहळू लादीतून खाली उतरते आणि लादी अखंडच राहते. चाचांनी लादी दिली, आणि प्रयोग बघायला ते स्वतः वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. जाळीची टोपी, पांढरी दाढी, अंगाला अमोनियाचा वास. तार पार निघाली तेव्हा चाचा उठून उभे राहिले. "कापली पन न्हाय कापली," म्हणाले. "चाळीस वर्षं बर्फ काढतोय, हे कुनी दाखवलं न्हाय मला."

तेव्हापासून सर दर आठवड्याला कारखान्यात जाऊ लागले. मीही अधूनमधून जाई. उन्हाळ्यात तिथून हलावंसं वाटायचं नाही. जमिनीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात पत्र्याचे उभे डबे, आणि प्रत्येक डब्यात हवेची एक नळी. पाणी गोठेपर्यंत ती नळी आत हवा सोडून पाणी हलतं ठेवते. हवा थांबली की पाण्यातले बुडबुडे आतच अडकतात आणि लादी दुधासारखी पांढरी होते. कोळणींना पांढरी चालते, गोळेवाल्याला चालते. चाचांना चालत नसे. त्यांच्या लादीतून वर्तमानपत्र वाचता यायचं, आणि ते गिऱ्हाइकाला वाचायला लावायचे.

पंचाण्णव साली सरांच्या हातात एक जुनं परदेशी मासिक आलं. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात गरम पाण्यानं एक किलोमीटरभर खोल विहिरी पाडून, दोऱ्यांना बांधलेले उलटे दिवे खाली सोडले होते. दूरच्या आकाशातून येणारे फार जोरदार न्यूट्रिनो पकडायला अख्खा ध्रुवच वापरायचा बेत होता. पण तेवढ्या खोलीवरही बर्फात बुडबुडे निघाले. उजेड वाटेतच विखुरला. आता त्यांना आणखी खोल जावं लागणार होतं.

सरांनी हे चाचांना सांगितलं तेव्हा मी तिथे होते. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांची हवा बंद पडली असल," म्हणाले. "हवा बंद पडली का लादी पांढरीच व्हनार, कुठं बी." मी हसून हसून बेजार झाले. सरही हसले, लगेच. मग शेजारच्या लादीतून आरपार बघत राहिले.

त्याच महिन्यात त्यांच्याकडे उलटा दिवा आला. सुधीर नावाचा त्यांचा कॉलेजातला मित्र मुंबईत एका प्रयोगशाळेत होता. तिथे मोडीत निघालेल्या सामानातून त्यानं एक नळी काढून दिली. दुधी भोपळ्याएवढी काचेची नळी, काळ्या कापडात गुंडाळलेली. सोबत एकच ताकीद : विजेचा दाब चालू असताना हिच्यावर उजेड पडला तर ही संपली. दुसरी मिळणार नाही.

"सर, एका लादीत न्यूट्रिनो सापडेल?" मी विचारलं.

"जन्मभर बसलो तरी नाही. त्याला डोंगराएवढा बर्फ लागतो." मग थांबून म्हणाले, "पण त्याचा एक गरीब नातेवाईक आहे. म्युऑन. अवकाशातले किरण वर हवेवर आपटतात, त्यातून तो जन्मतो. तो सारखा येतो, बाई. बर्फातून जाताना तोही तसाच निळा उजेड पाडतो. ध्रुवावर बघतात तोच उजेड. नळीला कानात घालायचं यंत्र जोडलं की टक् असा आवाज येईल." ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. "वीस वर्षं मी मुलांना ऐकीव गोष्टी सांगत आलोय. मला एकदा स्वतः ऐकायचंय. एकदाच."

"मग लादी चाचांकडूनच घ्या," मी म्हटलं.

चाचांनी हे काम अंगावर घेतलं. पाणी उकळून, गाळून, गार करून डब्यात भरलं. हवेची नळी एक क्षण थांबू दिली नाही. मधलं शेवटचं पाणी, ज्यात सगळा गाळ जमतो, ते काढून चांगलं पाणी भरलं. पहिल्या लादीला मधोमध चीर गेली. दुसरीच्या वेळी लाइट गेली, हवा थांबली आणि ती पांढरी झाली. तिसरी जमली. ती बर्फ साठवायच्या खोलीत ठेवली तर जागा रिकामीच वाटायची. चाचा तिच्यावरून हात फिरवून म्हणाले, "आता येऊ द्या तुमचा पावना."

खोली प्रयोगाला फार छान होती. जाड भिंती, जाड दार, खिडकी नाही. थंडीत नळी स्वतःही कमी कुरकुरते, म्हणजे उजेडाशिवाय उठणारी तिची टक्टक् कमी होते, असं सर म्हणाले. दिवस शुक्रवारचा ठरला. शुक्रवारी माग बंद असतात, म्हणजे त्यांच्या गावभरच्या मोटारींची खरखर नळीत शिरणार नव्हती. शाळा सकाळची होती. आम्ही दुपारी पोचलो. चाचा नमाजला निघाले होते, धुतलेला झब्बा, अत्तर लावलेलं. "मी येईपर्यंत सुरू करू नका असं न्हाय बोलत," ते म्हणाले. "पन पयला आला तर त्याला थांबवून ठेवा." आणि स्वतःच हसत गेले.

सरांनी खोलीत बल्ब लावला, नळीला दाब पुरवणारी पेटी त्याच बोर्डाला जोडली, तिचं बटण दाबून बघितलं. ठीक होतं. पेटी तापायला चालूच ठेवली. मी लाल कागद गुंडाळलेला टॉर्च धरून उभी. आता बल्ब बंद करायचा, नळी पेटीला जोडायची आणि लादीला चिकटवायची. तेवढ्यात लाइट गेली.

"बरं झालं," अंधारात सर म्हणाले. "अंधारच हवा होता. लाइट येईपर्यंत नळी बसवून घेतो."

त्यांनी काळं कापड सोडलं. लाल उजेडात नळीचं काचेचं तोंड दिसलं. सरांनी तिची वायर जोडली आणि ती दोन्ही हातांनी लादीवर टेकवली, लहान बाळाला पाण्यात बसवतात तसं हळू. ते वाकून कापडाच्या कडा दाबत होते. मी टॉर्च विझवला. बोर्डावरची दोन्ही बटणं चालू होती, बल्बचं आणि पेटीचं. ती बंद करायची हे त्या खोलीत कुणाला सुचलं नाही, कारण भिवंडीत ते सुचतच नाही. दर वर्षी नववीला सांगणाऱ्या माणसालाही नाही.

लाइट आली.

बल्ब भक्कन पेटला. सगळी लादी आतून लखलखली, इतकी ती स्वच्छ होती. सर ओरडले नाहीत. त्यांनी धावत जाऊन बटण बंद केलं. 

त्यांनी नळी तपासली. कानात यंत्र घातलं. "आवाज येतोय," म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी नळीचं तोंड काळ्या कापडात घट्ट गुंडाळलं, वर स्वतःचा कोट गुंडाळला, आणि पुन्हा ऐकलं. मलाही ऐकवलं. टक्, टक्, टक्टक्. तोंड उघडं असताना जेवढं, तेवढंच. बर्फाशी, आकाशाशी त्याचा काही संबंध नव्हता. जळालेली नळी स्वतःशीच कुरकुरत होती.

"संपली," ते म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अंधार होता म्हणून ठेवला, उजेडात धीर झाला नसता.

दार उघडलं, चाचा आत आले आणि त्यांनी ते लगेच लावून घेतलं. घाईत आले होते, धाप लागलेली. "आला काय, सर?"

 चाचांनी सरांच्या हातातलं यंत्र घेतलं आणि स्वतःच्या कानाला लावलं. अंधारात त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण श्वास थांबलेला ऐकू आला. "वाजतंय," ते म्हणाले. "ठक ठक वाजतंय, सर! हा तोच काय?"

मी म्हणणार होते, चाचा, ऐका जरा. सरांनी आधी म्हटलं, "तोच."

"कुठनं आला हा?"

"लांबून, चाचा. फार लांबून."

"माझ्या बर्फात?"

"तुमच्याच बर्फात."

चाचा फळीवर बसले आणि रडले. मला दोघांचाही राग आला, आणि मीही रडले.

चाचांनी सगळ्या गावाला सांगितलं. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायऱ्यांवर, कोळणींना. ते फिरत फिरत आमच्या मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. केसरीनाथ पाटील माणूस चांगला, पण सत्काराचा भारी हौशी. शाल-श्रीफळाची तयारी केली. चौबळ सरांनी ठाम नकार दिला. पाटील म्हणाले, शिष्ट आहे. मी त्यांना काय सांगणार?

आणि मग शुक्रवार सुरू झाले. चाचांना पुन्हा ऐकायचं होतं. दर शुक्रवारी नमाजनंतर सर ती मेलेली नळी घेऊन जात, बर्फावर ठेवत, आणि चाचा डोळे मिटून ऐकत बसत. मी एकदा सरांना म्हटलं, "सांगून टाका की. किती दिवस चालवणार?"

"खोटं मी एवढंच बोललो की आवाज त्याचा आहे," ते म्हणाले. "आला तर तो होताच, बाई. आपण बोलतोय तोवर आताही येतोय. त्यांच्या लादीत उजेड पडतच असणार. बघायला कुणी नाही एवढंच." मग म्हणाले, "आता मलाही कधी दिसणार नाही. पण चाचांनी तीन लाद्या घातल्या हो." सुधीरला त्यांनी दुसऱ्या नळीसाठी विचारलं होतं. नव्हती.

शुक्रवार वर्षाहून जास्त चालले. एकाच खोलीत दोघं, एक डोळे मिटून, एक जमिनीकडे बघत. मी जाणं सोडलं. मला बघवत नसे.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात चाचा वारले. त्याआधीच कारखान्याचा सौदा झाला होता. तिथे गोडाऊन होणार होतं, तशी शेजारच्या पूर्णा गावाकडे उभी राहायला लागली होती. आम्ही दोघं त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांचा मुलगा जब्बार बाहेरच्या ओट्यावर बसला होता. त्यानं चहा मागवला आणि सरांचा हात हातात घेतला.

"सर, तुमचे उपकार हायेत," तो म्हणाला. "दर जुम्म्याला यायचे तुम्ही. अब्बा बोलायचे, सर एकटे पडलेत, त्यांचा दिवा जळला, आपन बसायला पाहिजे त्यांच्याबरोबर."

सरांचा हात त्याच्या हातातच राहिला. "दिवा जळला हे त्यांना माहीत होतं?"

"हा, सर. पयल्याच महिन्यात. एक जुम्म्याला त्यांनी जानूनबुजून पांढरी लादी ठेवली, दुधासारखी. तुम्हीच बोललेले ना, पांढऱ्यात उजेड हरवतो म्हनून? अंधारात तुम्हाला कळलं न्हाय. आवाज तसाच आला. घरी येऊन अम्मीला बोलले, दिवा गेलाय, पन सरांना बोलू नको, त्यांचं दिल तुटेल. त्यांना वाटतं तो येतोय."

चहा आला. सरांनी तो पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि जब्बारला म्हणाले, "लादी फार स्वच्छ होती त्यांची." परत येताना मी मनात हिशेब मांडत होते.   वर्षभर दोन माणसं एकमेकांसाठी काही नसलेलं ऐकत बसली होती, आणि दोघांपैकी कुणालाही ते ऐकायचं नव्हतं.

आता सर निवृत्त झालेत. त्यांच्या घराच्या दोन्ही बाजूंना माग आहेत आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान बरेच गेलेत. गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा लाइट गेली. सर उठले, भिंतीला धरून धरून घरभर फिरले आणि एकेक बटण बंद केलं. विद्युल्लतावहिनी म्हणाल्या, "हे आता रोजचं आहे." बऱ्याच वेळानं शेजारचे माग खडखडायला लागले, समोरच्या घरातले दिवे लागले. आमची खोली अंधारातच होती. सर खिडकीकडे पाठ करून खुर्चीत तसेच बसून होते, त्यांना काही कळलं नव्हतं. वहिनी उठल्या आणि बटण शोधू लागल्या.